राहू पंगतीत बसला



मागल्या महिन्यात बोईसरला आपली बैठक झाली. जयंतीचा हिशेब चालला होता. डीजेचे किती, मांडवाचे किती, बॅनरचे किती. मी मध्येच म्हणालो, यंदा एका रात्रीच्या डीजेचे पैसे माझ्याकडे द्या; काचा घ्यायच्यात, दुर्बिणी बनवायच्यात, वस्तीवस्तीतल्या पोरांना आकाश दाखवायचंय. क्षणभर कुणी बोललं नाही. मग जो हशा पिकला तो अजून कानात आहे. एक कार्यकर्ता, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, आंदोलनात दोनदा आत जाऊन आलेला, जो आला की मी आजही उभा राहतो, तो म्हणाला, “कवीराज, खाली गटाराला झाकण नाही आणि तुला वर शनीची कडी पाहिजेत? हे चोचले पांढरपेशांचे. पोट भरल्यावरचे.”

त्याला तिथे उत्तर दिलं नाही. बोलताना माझी जीभ अडखळते. लिहिताना जरा कमी अडखळते, म्हणून हे लिहितोय.

आकाश म्हणजे कुणाच्याच मालकीचं नसलेलं मोकळं रान, असं ज्याला वाटतं त्याने एकदा पंचांग उघडून बघावं. तिथे कधीच कुंपणं घालून झालीत. कुठली वेळ शुभ, कुठली अशुभ, कुणाला कुठला ग्रह बाधतो, त्याची शांत करायला कुणाच्या हातावर किती ठेवायचे, सगळं ठरलेलं. आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं ते काय फक्त जमिनीवर? वर आकाशातसुद्धा आपली जागा नेमून दिलेली होती. पुरावा पाहिजे तर राहू घ्या.

गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. समुद्र घुसळला. घुसळताना वासुकीच्या शेपटीकडे देव, आणि तोंडाकडे, त्याचे विषारी फुत्कार खायला, असुर. म्हणजे धोक्याचं काम कुणाकडे ते बघा. अमृत निघालं तेव्हा देवांची पंगत बसली. राहू वेष बदलून त्या पंगतीत जाऊन बसला. सूर्य-चंद्रांनी चुगली केली, विष्णूने मुंडकं उडवलं. गुन्हा काय? पंगतीत बसला. मला ही गोष्ट पुराणातली वाटतच नाही. मागल्या आठवड्याच्या पेपरातली वाटते. कुठल्या लग्नात कोण सगळ्यांबरोबर जेवायला बसला आणि त्याचं काय झालं, ते आपण वाचतोच की.

आता हा राहू कोण? माझी आज्जी सातारकडची. तिच्या गावात सांगायचे, राहू-केतू हे मांगा-महारातलेच. आपल्यातल्याच कुणीतरी वर जाऊन चंद्र धरलाय. म्हणून गिऱ्हाण लागलं की आमच्या वस्तीतली बायामाणसं, पोरंसोरं टोपल्या घेऊन गावात शिरायची आणि गल्लीगल्लीतनं ओरडायची, “दे दान, सुटे गिऱ्हाण!” मग वाड्यांच्या दारातनं जुनेर पडायचं, पसाभर जोंधळे पडायचे. वरून टाकायचे, हातात नाही. आज्जी तेव्हा आठ-नऊ वर्षांची. बाबासाहेबांनी नागपूरला १९५६ साली धम्मदीक्षा दिली त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. तिला त्या दिवशी अर्धं लुगडं मिळालं होतं. “लई खूश झाल्ते मी,” असं ती सांगते. आणि ते सांगताना तिचा चेहरा जसा होतो ना, तसा कुणाचा होऊ नये.

दीक्षेनंतर टोपल्या बंद. मागणं बंद. पण मी लहानपणापासून बघतोय, ग्रहण लागलं की आज्जी आजही खिडकी लावून घेते, हंड्यावर झाकण घालते, आणि भिंतीकडे तोंड करून बसते. दान सुटलं, गिऱ्हाण काही सुटलं नाही.

म्हणून मला खालच्या गटारासकट वरचं आकाश पाहिजे.

आणि चीड कशाची येते सांगू? हे सगळं अज्ञानातनं झालं असतं तर मी गप्प बसलो असतो. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलंय की चंद्राला ग्रहण लागतं ते पृथ्वीच्या सावलीने, आणि सूर्याला लागतं ते चंद्र आड आल्याने. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने ग्रहणाचं गणित मांडलं तेही सावलीचंच. पण त्याच ग्रंथात श्रुती-स्मृतींना धरून त्याने राहूचीही बाजू घेतली आणि राहू न मानणाऱ्यांना दटावलं. पुढे अकराव्या शतकात अल्-बेरूनी हिंदुस्थानात आला, त्याने हे वाचून ब्रह्मगुप्ताला चांगलाच चिमटा काढलाय. म्हणजे गणित येत होतं. ग्रहण कधी लागणार, किती वेळ राहणार, आधी काढून ठेवता येत होतं. आणि तरी तेराशे-चौदाशे वर्षं आमच्या आज्ज्या-पणज्यांना टोपली देऊन गल्लीत फिरवलं. ज्ञान होतं, फक्त पंगत वेगळी होती.

सावलीचं गणित तर त्यांना फारच चांगलं येत होतं. पेशवाईत पुणे शहरात महार-मांगांना सकाळी नऊच्या आधी आणि दुपारी तीननंतर बंदी होती, अशी नोंद आहे. का? सूर्य कललेला असतो. सावली लांब पडते. लांब सावली एखाद्या सोवळ्यावर पडली तर तो बाटतो. सूर्याचा कोन आणि माणसाच्या सावलीची लांबी हा खगोलशास्त्राचा पहिला धडा. जगभर लोकांनी काठीच्या सावलीवरून वेळ काढली, ऋतू काढले, एराटोस्थेनीसने तर पृथ्वीचा घेर काढला. इथे त्याच धड्यावरून माणसाला वेशीबाहेर काढलं.

तर सावलीबद्दल थोडं सांगतो. पृथ्वीला पण सावली आहे, आणि ती सदासर्वकाळ आहे. आपण सगळे रोज रात्री तिच्यातच झोपतो. सुईसारखी निमुळती होत ती सुमारे १४ लाख किलोमीटर लांब जाते. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर. त्याच्यापाशी ही सावली चंद्राच्या अडीचपट रुंद असते. कधी कधी पौर्णिमेला चंद्र नेमका तिच्यातनं जातो. पुरता आत गेला तरी काळा होत नाही, तांब्यासारखा लाल होतो. कारण पृथ्वीच्या भोवतीच्या हवेतनं थोडा तांबडा उजेड वाकून तिथवर पोचतो. त्या वेळी पृथ्वीच्या कडेवर जिथे जिथे दिवस उगवतोय नि मावळतोय, त्या सगळ्या गावांचा उजेड एकदम चंद्रावर पडलेला असतो. आता या सावलीत बामणवाडा आहे, महारवाडा आहे, पालघरचं कलेक्टर हापिस आहे, मोखाड्यातला कातकरी पाडा आहे. सगळ्यांची मिळून एकच सावली. चंद्र बाटत नाही.

हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितलं ते ३१ जानेवारी २०१८ ला. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो. पालघरात एका सोसायटीच्या गच्चीवर दुर्बिणीतनं ग्रहण दाखवणार, सर्वांना प्रवेश खुला, असा कागद एका दुकानाबाहेर चिकटवला होता. वस्तीतली चार पोरं घेऊन गेलो. गेटवर वॉचमन म्हणाला, लिस्टमध्ये नाव आहे का? कुठून आलात? पोरांच्या पायांकडे बघून म्हणाला. बिचारा तोही आपल्यातलाच, बहुतेक बिहारकडला. वरून कुणीतरी डोकावून “जागा फुल झाली” म्हणालं. आम्ही परत निघालो. रेल्वेच्या रुळांपाशी आलो तर पूर्वेला डोंगरावर एक मळकट लाल गोळा. चंद्र त्या दिवशी ग्रहण लागलेलाच उगवला होता. साडेसातनंतर त्याच्या एका कडेला उजेडाची चीर पडली आणि ती वाढत गेली. पोरं रुळांच्या बाजूच्या दगडांवर बसून पाऊण तास गप्प. तिकीट नाही, लिस्ट नाही. त्या रात्री मी ठरवलं की एक दुर्बीण आपली पाहिजे, आणि ती रस्त्यावर पाहिजे.

आता माझ्या त्या मित्राच्या ‘चोचले पांढरपेशांचे’ या बोलण्याकडे येतो. जोतिबांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. विषय काय होता? एक जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालून तिला आणि तिच्या नवऱ्याला लुबाडतो. शेवटी ती दोघं शिकायला निघतात. आपल्या चळवळीचं पहिलं नाटक ग्रहांवर आहे, दादा! आणि तो जोशी मेला म्हणता? २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ज्योतिष हा विषय म्हणून विद्यापीठात घुसवला, २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला हात लावायला नकार दिला, २०२१ मध्ये इग्नूने ज्योतिषाचं एम.ए. काढलं. जयंत नारळीकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या दाभोलकरांना सोबत घेऊन चाचणी केली होती. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या. कुठली कुणाची ते ज्योतिषांनी सांगायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघाली शेकडा ४६. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला गोळ्या घातल्या. ग्रहांनी नाही घातल्या.

आणि पंगतीचंच बोलायचं तर मेघनाद साहा. १८९३ चा जन्म, ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किरकोळ दुकानदाराचा पोर. शूद्रात गणलेली जात. आपल्यासारखा अस्पृश्य नव्हे तो, असं काही जण सांगतात, असेल. पण कलकत्त्याच्या वसतिगृहात वरच्या जातीच्या पोरांना त्याच्याबरोबर जेवायला चाललं नाही, एवढं खरं. पंगतीतनं उठवलेला हा राहू. त्याने काय केलं? १९२० मध्ये त्याने एक समीकरण मांडलं. ताऱ्याचा उजेड लोलकातनं फोडला की त्यात काळ्या रेघा दिसतात. त्या रेघांवरून ताऱ्याचं तापमान कसं वाचायचं, कुठल्या तापमानाला कुठल्या मूलद्रव्याचे अणू फुटून त्यांची रेघ बदलते, ते त्याने सांगितलं. तोवर तारे दिसत होते, वाचता येत नव्हते. १९२५ मध्ये सिसिलिया पेन नावाच्या बाईने साहाचंच समीकरण धरून दाखवलं की तारे बहुतांशी हायड्रोजनचे असतात. तिच्यावर मोठ्या प्रोफेसरांचा विश्वास बसला नाही, पुढे तिचंच खरं ठरलं. पुराणातल्या राहूने सूर्य गिळला आणि सोडला. साहाने सूर्य वाचला. पुढे तो कलकत्त्यातनं अपक्ष म्हणून लोकसभेत गेला आणि १९५२ पासून पंचांग सुधारणा समितीचा अध्यक्ष झाला. डझनावारी पंचांगांचा गोंधळ निस्तरून राष्ट्रीय दिनदर्शिका केली, ती २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. ती बघायला तो राहिला नाही, १९५६ मध्येच गेला. तुमच्या भिंतीवर आज कुठलं कॅलेंडर आहे ते जाऊन बघा.

इथे आपल्या कवींना पण दोन शब्द ऐकवतो, माझ्यासकट. आपल्या दर दुसऱ्या कवितेत सूर्य आहे. सूर्य पेटतो, सूर्य येतो, सूर्य हातात घेतो. पण किती लांब आहे तो? १५ कोटी किलोमीटर. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं आणि वर वीस सेकंद लागतात. तो जळत नाही. त्याच्या पोटात हायड्रोजन चेपून हेलियम होतो. हे माहीत झाल्यावर कविता पांगळी होते असं मला नाही वाटत. मला तर उलट लाज वाटली की इतकी वर्षं आपण त्याचा नुसता झेंडा केला.

आणखी एक. आकाश फक्त भटांनी बघितलं असंही नाही. मी मुंबईच्या गोदीत काम करतो. डहाणू लोकलने जातो, येतो. धक्क्यावर फ्लडलाइटखाली एक तारा दिसत नाही. पण जहाज बाहेर नांगरून बार्जवर माल उतरवायचा असला आणि रात्रपाळीत विंच बंद पडली, की हॅचच्या कडेला आडवा होऊन मी बघतो. गोदीतल्या म्हाताऱ्या खलाशांना भरतीची वेळ कुठल्या पुस्तकात बघावी लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला भर बाराला, आणि तेव्हाच उधाण. हे सातपाटीच्या कोळ्याला ठाऊक, शाळेचं तोंड न बघता. चंद्र पाणी ओढतो हे त्याने हाताने मोजलंय. आकाशात ज्याला ते सप्तर्षी म्हणतात, सात ऋषी, त्याला आज्जी बाज म्हणते. म्हातारीची बाज आणि ती चोरायला आलेले तीन चोर. विदर्भातल्या गोंडांत पण तीच गोष्ट आहे, मुंबईच्या टाटा संस्थेतल्या संशोधकांनी ती टिपून घेतली. त्यांच्या आकाशात ऋषी बसलेत. आमच्या आकाशात एका म्हातारीची झोपायची जागा चोरीला चाललीय. तुम्हीच सांगा खरं आकाश कुठलं.

मग दुर्बीण कशी केली ते. अमेरिकेत जॉन डॉब्सन नावाचा एक फाटका माणूस होता. वेदान्ताच्या मठात साधू होता, गंमत बघा, आणि चोरून दुर्बिणी बनवायचा. १९६७ मध्ये मठ सुटला. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायचा, ये, चंद्र बघ. १९६८ मध्ये त्याने आणि काही पोरांनी मिळून फुटपाथवरच्या खगोलवाल्यांची मंडळी काढली. पण मी उडालो ते दुसऱ्याच गोष्टीने. त्याने पहिला आरसा बनवला तो जहाजाच्या पोर्टहोलच्या काचेचा! भंगारातल्या. हे वाचलं आणि मी हातातलं जेवण ठेवून उठलो. पोर्टहोल! अरे, ते आपलं खातं आहे! रे रोडला दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचा माल मिळतो. रविवारी गेलो. तिसऱ्या दुकानात जुन्या जहाजाच्या आठ इंची दोन गोल काचा मिळाल्या, इंचभर जाड. दुकानदार म्हणाला, टीपॉय बनवणार काय?

एक काच खाली, एक वर. मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. वरची काच पुढे-मागे घासायची, फिरवायची, घासायची. घासता घासता वरची खोलगट होत जाते, खालची फुगीर. जाड पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी राळेवर पॉलिश. आरशाचा आकार केसाच्या जाडीच्या पाचशेव्या हिश्श्याइतका बिनचूक लागतो, आणि तो यंत्राने नाही, हाताने येतो. चार महिने लागले. माझ्याबरोबर एमआयडीसीतला एक वेल्डर, शेजारची दोन पोरं, आणि कधी कधी आज्जी सुद्धा. जात्यावर बसायची सवय, तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालायचा. ॲल्युमिनियमचा थर तेवढा बाहेरून चढवून आणला. नळा प्लायवूडचा, बैठक प्लायवूडची. आजवर आपल्या हातांनी काय काय घासलं, दोस्तहो. भांडी, संडास, जहाजांचे तळ. पहिल्यांदा असं काही घासलं की ज्यातनं गुरू दिसला.

२५ डिसेंबर २०२४. मनुस्मृती दहन दिन. वस्तीत कार्यक्रम झाला, भाषणं झाली, आणि मी दुर्बीण चौकात आणून ठेवली. पुढाऱ्याच्या नावाचा हायमास्ट भगभगत होता. वायरमन पोराने कुठूनतरी तो बंद केला. पुढाऱ्याचं नाव दिसेनासं झालं, तारे दिसायला लागले. पश्चिमेला शुक्र, भिंगातनं बघितला तर अर्ध्या चंद्रासारखा. त्याच्यावर शनी. त्या वर्षी त्याची कडी आपल्याकडे आडवी वळत होती, सुईसारखी बारीक झालेली. पूर्वेला गुरू आणि त्याच्या दोन्ही अंगांना रांगेत त्याचे चंद्र. १६१० मध्ये गॅलिलिओने ते बघितले आणि सगळं जग आपल्याभोवतीच फिरतं म्हणणाऱ्यांच्या पायाखालची जमीन गेली. हे मी सांगत होतो, पण ऐकतंय कोण. रांग लागली होती. एका केमिकल कंपनीत पॅकिंगला जाणारी बाई, शनी बघून मागे सरली आणि म्हणाली, “आत चित्र चिकटवलंय.” मी काही बोलायच्या आत तिने जाऊन नळ्याच्या तोंडावर पदर धरला, परत येऊन बघितलं. शनी गेला. पदर काढला. शनी आला. मग कुणाशी न बोलता पळत गेली आणि सासूला घेऊन आली. तपासल्याशिवाय मानायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं होतं? रात्री साडेनऊला मृग वर आला, तेव्हा त्याच्या तीन ताऱ्यांखालचा धुरकट डाग दाखवला. तिथे नवे तारे जन्मतायत. तो उजेड सुमारे १३०० वर्षांपूर्वी निघालाय. एक दारू प्यालेला काका तीनदा रांगेत उभा राहिला.

पण बोईसरच्या आकाशात किती तारे दिसतात ते पण सांगितलं पाहिजे. बोटांवर मोजावेत एवढे. २०१८ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक वसाहतींचे प्रदूषणाचे गुण काढले, त्यात तारापूर पहिलं आलं, ९३.६९. बोर्डात पहिला आलेला आमच्या भागातला हा एकच. वर धूर, खाली दिव्यांचा भडका. पलीकडे तारापूरची अणुभट्टी १९६९ पासून चालू आहे. पुढे तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. त्या भट्टीत जे युरेनियम फुटतं ते सूर्याच्या पोटात बनत नाही. सूर्य जन्मायच्या आधी, म्हणजे ४६० कोटी वर्षांच्या मागे, मोठमोठे तारे मरताना, एकमेकांवर आदळताना ते बनलं. माझ्या हातातल्या हुकाचं लोखंड पण ताऱ्यातलं, माझ्या रक्तातलं पण, माझ्या मुकादमाच्या पण. मेलेल्या ताऱ्याचा माल वापरून आपण दिवे लावतो, आणि त्या दिव्यांत जिवंत तारे दिसत नाहीत. इकडे २०२४ च्या जानेवारीत नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला काळोख्या आकाशाचं उद्यान म्हणून जगाची मान्यता मिळाली. आकाशाला पण शेवटी आरक्षण लागलंच! जव्हार-मोखाड्याकडे अजून अंधार शिल्लक आहे. तो वारल्यांचा आहे, आणि तो पण एक दिवस रिसॉर्टवाले तिकीट लावून विकतील. त्याच्या आत तिथल्या पाड्यांवर एक दुर्बीण पोचली पाहिजे, आणि ती त्यांच्याच हातची पाहिजे.

रोहित वेमुलाबद्दल लिहू की नको असं झालं. त्याला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला, तेव्हापासून दर वर्षी आपण त्याच्या फोटोला हार घालतो, घोषणा देतो. घातलेच पाहिजेत. पण त्याचं मरण आपण उचललं, आणि त्याला जे बनायचं होतं ते तिथेच टाकून आलो. किती शाखांमध्ये, किती वाचनालयांत सेगनचं एक पुस्तक आहे? माझ्या मित्राला मी एवढंच विचारतो, की रोहितचे पण ते चोचलेच होते का?

मागच्या ७ सप्टेंबरला, २०२५ ला, परत खग्रास चंद्रग्रहण होतं. टीव्हीवर दुपारपासून सूतक. मुंबईत तर मोठ्या गणपतीचं विसर्जन भरतीने रखडलं होतं. पौर्णिमेचं उधाण ते. कोळ्यांना विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं. बोईसरला ढग. अकरा वाजून गेले तरी काही नाही. आज्जी नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसलेली. साडेअकराच्या सुमारास ढग फाटला. मी तिला हाताला धरून बाहेर आणलं. आली, का ते विचारू नका, मला माहीत नाही. भिंगाला डोळा लावायला तिला वाकता येईना, म्हणून मी तिच्याखाली रॉकेलचा जुना डबा ठेवला. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “हे तर नुसतं सावलीगत हाय.” मी म्हटलं, “हो, सावलीच हाय.” “कुणाची?” म्हटलं, “आपली. सगळ्यांची.” ती परत वाकली. ढग आला. “आणि आमी टोपल्या घेऊन हिंडलो,” म्हणाली. मग ढग जाईपर्यंत तिथेच डब्यावर बसून राहिली, आत गेली नाही. त्या रात्री हंड्यावर झाकण तसंही होतं, डासांमुळे.

आता कामाचं. पुढच्या वर्षी २० मार्च २०२७ ला महाडला शंभर वर्षं होतायत, आणि २ ऑगस्टला संध्याकाळी आपल्याकडून सूर्याचं खंडग्रास ग्रहण आहे. पावसाळा असेल, ढग असतील, तरी तयारीत राहू. नुसत्या डोळ्यांनी सूर्याकडे बघायचं नाही. वेल्डिंगची १४ नंबरची काच लागते, १० किंवा ११ नंबरची चालत नाही. वेल्डरांनी आपापल्या कंपनीत चौकशी करून ठेवावी. खग्रास बघायचं असेल तर लडाख-काश्मीरकडे जावं लागेल, २० मार्च २०३४ ला. महाडचाच दिवस. भाडं आत्तापासून जमवा.

दारूखान्यातनं आणखी चार काचा आणल्यात, माझ्या खाटेखाली आहेत. कार्बोरंडमला आणि थर चढवायला पैसे कमी पडतायत. पाच वस्त्या, पाच दुर्बिणी, डीजेच्या एका रात्रीत भागतं. घासायला माणसं पाहिजेत. माझी रात्रपाळी नसते तेव्हा संध्याकाळी सातनंतर घरी असतो. गटाराच्या झाकणाचा अर्ज पण तिथेच बसून लिहू, त्याला सह्या कमी पडतायत.